माणिकरावांनी दाबून भरलेला डबा

समजा, तुमच्यासमोर एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. बिस्किटांचा असतो तसा, चौकोनी, जरा पोचे आलेला. त्याच्या मधोमध झाकणाचा एक स्टीलचा गिलास उभा केला आहे. या गिलासात कढत पाणी ओतायचं आणि ते जास्तीत जास्त वेळ गरम ठेवायचं. गिलास आणि डबा यांच्यामधली जागा भरायला तुम्हाला हवं ते मिळेल, पण एकच वस्तू. तुम्ही काय निवडाल? आणि जे निवडाल ते भराल कसं?

दुसरा प्रश्न बहुतेकांच्या मनातच येत नाही. भरायचं म्हणजे भरायचं, त्यात कसं काय असतं? पण जरा डोळ्यांसमोर आणून बघा. हाताशी ओंजळभर कापूस आहे, सरकी काढलेला, पांढराशुभ्र. तुम्ही तो गिलासाच्या भोवती ठेवता, कडेने सारखा करता, अंगठ्याने जरासा दाबता. दाबला की जागा होते. मग आणखी कापूस, आणखी अंगठा. थांबायचं कधी?

पाथरवाड्याच्या माणिकरावांच्या हातात असा डबा आला, तेव्हा थांबायचं कधी हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुंगीला शिरायला जागा उरली नाही, की थांबायचं.

आता माणिकराव कोण, ते सांगितलं पाहिजे. तेलंगणात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, गुडीहत्नूरच्या फाट्यावरून आत वळलं की कापसाच्या आणि ज्वारीच्या शेतांमधून जो डांबरी रस्ता जातो, त्याच्या टोकाला पाथरवाडा. तिथे माणिकरावांचं घर, थोडकी शेती, बायको कुसुमबाई, मुलगा, सून आणि नववीत शिकणारी नात रुपा. दिवाळीनंतर कापूस घरात यायला लागला, की गावातल्या प्रत्येकाला माणिकरावांचे पाय हवे असत. पाया पडायला नव्हे, कापूस तुडवायला. टेम्पोला चारी बाजूंनी बांबू आणि जाळी बांधून त्यात मोकळा कापूस ओतायचा आणि वर चढून तो पायांनी दाबत न्यायचा, म्हणजे एका खेपेत जास्तीत जास्त माल आदिलाबादच्या मार्केट यार्डात पोचतो. हे काम वरवर सोपं दिसतं. पण नवशिक्याने भरलेला टेम्पो फाट्यापर्यंत जाईतो एका बाजूला कलतो, आणि माणिकरावांनी भरलेला टेम्पो यार्डात उभा राहिला की व्यापारीही विचारतात, "किसने भरा रे?"

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी पाय स्वच्छ धुवायचे. मग वर चढून कोपरे घ्यायचे, मग कडा, आणि मधला भाग सगळ्यांत शेवटी. टाच आधी, चवडा मागून. तरुण पोरं मध्येच उड्या मारायला लागली, की माणिकराव ओरडत, "नाचू नको रे, वरात नाई हे! कापसाले जागा देल्ली का तो फुगते. जागाच नको देऊ." वय साठीच्या पुढे गेलं होतं, पण टेम्पोवर चढले की ते तिशीतले वाटत. वरून सगळं गाव दिसे आणि गावालाही ते दिसत, हे त्यांना मनापासून आवडे.

तर डिसेंबरातल्या एका संध्याकाळी रुपा शाळेतून आली ती तो डबा घेऊनच. आदिलाबाद जिल्ह्यातली थंडी सगळ्या तेलंगणात गाजलेली. त्या आठवड्यात तर शाळेतल्या मुलांना सकाळचा पहिला तास उन्हात बसवत होते. त्या उन्हातच विज्ञानाच्या चारुशीला मॅडमनी हा प्रयोग काढला होता.

"आबा, मॅडमनं चार टोळ्या केल्या," रुपाने दारातूनच सांगायला सुरुवात केली. "पंकजच्या टोळीले ज्वारीच्या कडब्याचे धांडे. एका टोळीले आरा मशिनीवरचा भुसा. एकीले चुलीतली राख. आन आमाले कापूस! जिचं पाणी जास्त वेळ गरम राहीन, ती टोळी जिल्ह्याच्या प्रदर्शनाले जाईन. आदिलाबादले!"

"मंग तुमाले कापूस भेटला म्हणते?" माणिकराव बाजेवरून उठलेच. "मंग लागली कशाले धावाले? कपड्याची पिशवी भरून ठेव. गेलीच तू आदिलाबादले."

रुपाला हसू आलं, पण तिच्या डोळ्यांत काळजीही होती. "आबा, मस्करी नको. पुढच्या वर्षी मी दहावीत जातो. दहावीच्या पोरायले प्रदर्शनाले पाठवतच नाईत. हे शेवटचंच आहे."

"अवो पोरी, थंडीत माणूस अंगावर काय घेते? राख घेते का धांडे? रजई घेते! आन रजईत काय असते?" माणिकरावांनी डबा तिच्या हातातून घेतला. "आण इकडं. हा मी भरून देतो. तुहा आबा भरीन त्याच्यासारखा डबा साऱ्या जिल्ह्यात नाई भरणार कोणी."

मॅडमनी घरच्यांची मदत घ्यायला परवानगी दिली होती, त्यामुळे रुपालाही काही वावगं वाटलं नाही. तिने आनंदाने डबा दिला.

माणिकराव सवयीने मोरीवर जाऊन पाय धुऊन आले, आणि डब्याकडे बघून स्वतःशीच हसले. त्यात पाय कुठला मावायला! मग त्यांनी अंगठ्यांवर काम घेतलं. कुसुमबाईंनी देवाच्या वातींसाठी सरकी काढून ठेवलेला कापूस समोर आला. आधी डब्याचे चार कोपरे, मग कडा, मग गिलासाच्या भोवती. जिथे अंगठा पोचेना तिथे खलबत्त्यातला बत्ता. कापूस आत जात राहिला आणि कुसुमबाईंचं गाठोडं रिकामं होत राहिलं.

"अवो, माह्या साऱ्या वाती त्या डब्यात गेल्या," त्या म्हणाल्या. "देवापुढं आता काय लावू, बत्ता?"

"देवाले मी समजावतो. नातीचं काम आहे म्हणतो."

डबा भरला तेव्हा तो उचलायलाही जड झाला होता. माणिकरावांनी वर बोट दाबून पाहिलं. बोट आत जाईना. फळीवर दाबावं तसं लागलं. त्यांनी समाधानाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात बाकावर चार डबे ओळीने मांडले होते. फळा बाहेर आणून खुर्चीला टेकवला होता. मॅडम आदिलाबादजवळच्या मावल्याहून रोज बसने येत. त्या दिवशी स्वेटरवर शाल घेऊनही त्या हात चोळत होत्या. माणिकराव मुद्दाम आले होते. पंकजचा आजोबा नागोरावही आला होता. नागोराव आणि माणिकराव पहिलीपासून एका बाकावर बसलेले, आणि एकमेकांना चिडवण्यात दोघांचा जन्म गेलेला. नागोराव अजूनही हट्टाने ज्वारी पेरायचा आणि कापूसवाल्यांची टिंगल करायचा.

मॅडमनी एकाच किटलीतलं कढत पाणी चारही गिलासांत सारखं ओतलं, झाकणं लावली आणि झाकणाच्या भोकांतून थर्मामीटर सोडले. थोड्या थोड्या वेळाने प्रत्येक टोळीतला एक जण वाकून पारा वाचायचा आणि फळ्यावर आकडा लिहायचा. सुरुवातीला चारही आकडे जवळपास सारखे. मग राख मागे पडली. सगळे हसले. माणिकराव मिशीत हसले. त्यानंतर कापूस मागे पडायला लागला आणि माणिकरावांचं हसू तसंच राहून गेलं.

अर्धी शाळा आता बाकाभोवती जमली होती. रुपाने शेवटचा आकडा वाचला, परत वाचला आणि हळूच फळ्यावर लिहिला. धांडे पहिले. भुसा दुसरा. कापूस तिसरा, धांड्यांपेक्षा चांगले चार अंश थंड. त्याच्याखाली फक्त राख.

"माणिका," नागोराव गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "तुह्या कापसाले हुडहुडी भरून राह्यली. धावत जा, त्याच्या अंगावर धांडे टाक."

पोरं खदाखदा हसली. पंकजने आजोबाचा हात ओढला, "आबा, गप ना."

"थर्मामीटर खराब असंन," माणिकराव पुढे झाले.

मॅडमनी दोन डब्यांतले थर्मामीटर आपापसांत बदलले. आकडे तेच आले.

"मंग डब्याले भोक असंन."

मॅडमनी डबा उचलून त्यांच्या हातात दिला. माणिकरावांनी तो चारी बाजूंनी उन्हात धरून पाहिला. भोक नव्हतं.

"मंग कापूसच..." म्हणून ते थांबले. कापसाबद्दल वाईट बोलायला त्यांची जीभ वळेना. रुपा फळ्याकडे पाठ करून उभी होती. रडत नव्हती, पण तिची मान ज्या तऱ्हेने ताठ होती ती माणिकरावांना चांगली ओळखीची होती. तिच्या आजीचीही रागात तशीच होते.

मॅडमच्या लक्षात सगळं आलं होतं. त्या म्हणाल्या, "रुपा, कापूस हरला हे खरं. पण असं व्हायला नको होतं, हेही तितकंच खरं. कापूस का हरला ते मला तुझ्याकडून ऐकायचंय. नुसतं सांगून चालणार नाही हं, मोजून दाखवायचं. दाखवलंस, तर पंकजची टोळी आणि तुझी टोळी मिळून एकच प्रयोग नेऊ. एका शाळेने एकच प्रयोग न्यावा असा नियम आहे, तो किती मुलांनी केलाय असं कोण विचारतंय?"

"आन नाई दाखवता आलं तं?" रुपाने विचारलं.

"तर पंकज एकटा जाईल. आणि तू पंकजला शुभेच्छा देशील."

मॅडमनी डब्यासोबत एक थर्मामीटर तिला घरी न्यायला दिला. "फोडू नकोस," एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी घरात मोठी गंमत झाली. रुपा माणिकरावांशी बोलेना. आणि न बोलूनही तिला बोलायचं तर होतंच.

"आजी, आबाले सांग, चहा झाला."

"आजी, तिले सांग, मले ऐकू येते."

"आजी, आबाले विचार, साखर किती?"

"आजी, तिले सांग, रोजच्याइतकीच. मी काही बदललो नाई."

"मी काय टपालखाना आहो काय?" कुसुमबाई वैतागल्या. "दोघं बी समोरासमोर बसले आन माह्या कानात ओरडून राह्यले!"

माणिकरावांनी चहा घेतला आणि विचार केला. आयुष्यात त्यांचा एकही टेम्पो कलला नव्हता. चूक झाली असेल तर ती एकच असू शकते. अंगठ्याला टाचेचा जोर थोडाच येणार? कापूस कमी दाबला गेला! ते ताडकन उठले, घरातला दुसरा तसलाच डबा आणि गिलास घेतला आणि कोपऱ्यातलं मुसळ उचललं.

"आता पाह्य," ते कोणाकडेच न बघता म्हणाले. "आता असा भरतो का दगड बरा."

आणि खरोखर त्यांनी तो तसाच भरला. मुसळाचे धपधप आवाज ऐकून शेजारीण डोकावून गेली, की एवढ्या संध्याकाळी यांच्याकडे काय कांडून राह्यले. कुसुमबाईंचं वातींचं उरलंसुरलं गाठोडंही संपलं. पहिला डबा आणि हा नवा डबा दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. रुपाने एकाच पातेल्यातलं पाणी दोघांत ओतलं आणि थर्मामीटर कधी यात, कधी त्यात घालून बघत राहिली. अबोला होता, पण थर्मामीटर मात्र ती आजोबांना वाचू देत होती.

मुसळाचा डबा आधी थंड झाला.

माणिकरावांनी थर्मामीटर झटकला. डबा फिरवला. गिलासाला हात लावला. "हा डबाच अपशकुनी आहे," ते पुटपुटले. "त्याच्यात आधी फरसाण होतं."

"आबा, थांबा."

रुपा सरळ त्यांच्याशी बोलली होती. माणिकरावांना ते इतकं बरं वाटलं, की ती काय म्हणते ते त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"मी म्हणून राह्यली, अंगठ्यानं दाबला तवा कापूस तिसरा आला. मुसळानं दाबला तं त्याच्याहून बी खाली गेला. जेवढा जास्त दाबला तेवढा जास्त हारला. हे उलटं चालून राह्यलं, आबा. आपण बी उलटं करू."

"उलटं म्हणजे?"

"दाबूच नका."

माणिकरावांनी नातीकडे असं पाहिलं, जणू तिने टेम्पो चाकांशिवाय हाकायला सांगितला होता. "दाबू नको? अवो, मंग त्याले भरणं म्हणतीन काय? असा माल मी टेम्पोत भरला तं लोक माह्या मागं जोडे घेऊन धावतीन."

"टेम्पो नाई ना हा. गिलास आहे."

डबा रिकामा केला. मुसळाने दाबलेला कापूस वडीसारखा निघाला. रुपा तो बोटांनी पिंजून मोकळा करायला लागली. माणिकरावही मदतीला बसले. पण एक अडचण होती. त्यांचे हात ऐकत नव्हते. ते कापूस मोकळा करत, हलकेच डब्यात सोडत, आणि सोडला की अंगठा आपोआप खाली जाई. रुपाने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांचा अंगठा खाली गेला तेव्हा ती म्हणाली, "आबा, हाताची घडी घाला."

"काय?"

"शाळेत आमाले घालाले लावतात तशी. हाताची घडी, तोंडावर बोट."

कुसुमबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. माणिकराव हाताची घडी घालून बाजेवर बसले. तोंडावर बोट मात्र त्यांनी ठेवलं नाही, आणि ते फार बरं झालं असं नाही.

"तो कोपरा राह्यला ना, रुपे!"

"राहू द्या."

"अवो, कडेले बोट जाईन एवढी जागा दिसून राह्यली!"

"राहू द्या ना, आबा."

"अर्धा डबा तं हवेनंच भरला तुहा! हे पाह्य कुसुम, पोरगी काय करून राह्यली. हे पाहवत नाई माह्याच्यानं." आणि खरंच त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पाणी ओतलं. यावेळी शेजारी अंगठ्याने दाबलेला पहिला डबा होता. रुपाने थर्मामीटर लावला, काढला, दुसऱ्यात लावला. माणिकरावांना भिंतीकडे तोंड करून बसवेना. ते उठले, थर्मामीटर वाचायला चष्मा शोधायचा धीर नव्हता म्हणून मोकळ्या डब्याचं झाकण उघडलं आणि सरळ पाण्यात बोट घातलं.

"पोळलं!" ते ओरडले. "पोळलं वो, पोळलं!"

एवढ्या आनंदाने पोळलेला माणूस पाथरवाड्यात त्याआधी कोणी पाहिला नसेल. ते बोट वर धरून अंगणात आले. समोरच्या घरातून नागोराव धोतराचा सोगा आवरत धावत आला. "काय पेटलं? कुठं पेटलं?"

"काही पेटलं नाई. कापूस पेटला! घाल, तू बी बोट घाल."

नागोरावाने बोट घातलं, झटकन काढलं, चोखलं आणि म्हणाला, "हे पाणी तं आताच तापवलं तुमी."

"अजी नाई! पंकजले बोलाव. पंकजचा डबा बी आण. आता इथंच होऊ दे."

पंकज डबा घेऊन आला. अंगणातच तीन डबे मांडले गेले. कुसुमबाईंनी चूल पुन्हा पेटवली, आणि आता पाणी तापलंच आहे तर चहाही होऊ दे म्हणून सगळ्यांना चहा मिळाला. मोकळा कापूस धांड्यांच्याही पुढे निघाला, फार नाही, पण निघाला. नागोरावाने थर्मामीटर स्वतः हातात घेऊन वाचला. मग म्हणाला, "माणिका, एवढे वर्षं तू कापूस दाबला नसता, तं मी बी कापूसच लावला असता."

"तू लावलाच पाहिजे होता. तुह्या डोक्यात भरपूर मोकळी जागा आहे."

दुसऱ्या दिवशी रुपाने मॅडमसमोर तिन्ही डबे मांडले आणि सगळं पुन्हा मोजून दाखवलं. का, हे सांगताना ती अडखळली. दाबल्यावर कापसातून काय निघून जातं, इथपर्यंत ती आली होती. मॅडमनी पंकजला एक धांडा मधोमध चिरायला सांगितला. आत पांढरा, पोकळ, स्पंजासारखा गाभा होता, बारीक बारीक छिद्रांनी भरलेला.

"यात काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"काहीच नाई," पंकज म्हणाला.

"काहीच नाही म्हणजे काय?"

"हवा," रुपा म्हणाली. आणि मग ती इतक्या जोराने "हवा!" म्हणाली, की शेजारच्या वर्गातल्या सरांनी खिडकीतून पाहिलं. "दोघायत बी हवाच आहे, मॅडम! आबानं दाबू दाबू ती हाकलून देल्ली होती!"

मॅडमनी दोन्ही टोळ्यांची नावं पाठवली. पण रुपाने एक अट घातली. दाबलेला डबा प्रदर्शनात ठेवायचाच आणि तो आबांनीच भरायचा. कारण टोळीतल्या कोणीही दाबला, तर तो पुरेसा थंड होत नव्हता.

"म्हणजे मी आदिलाबादले हाराले चाललो?" माणिकरावांनी विचारलं.

"हाव. पण तुमच्यासारखं कोणाले हारता येत नाई, आबा."

यापेक्षा मोठा मान माणिकरावांना कोणी दिला नव्हता. त्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला, निघायच्या आधी पाय धुतले आणि बत्ता फडक्यात गुंडाळून पिशवीत घेतला.

आदिलाबादच्या त्या मोठ्या शाळेतल्या हॉलमध्ये कोणी कागदाचा ज्वालामुखी आणला होता, कोणी आपोआप पाणी सोडणारं ठिबक. तेलुगू, मराठी, उर्दू, हिंदी, सगळ्या भाषांतली पोरं आपापल्या टेबलामागे घसे साफ करत उभी होती. माणिकरावांनी कोपरे, कडा आणि मग मध्य अशा क्रमाने हारणारा डबा भरला. बाजूच्या टेबलावरची पोरं ते बघायला गोळा झाली. धांड्यांचा डबा होता, मोकळ्या कापसाचा होता. आणि मॅडमनी आयत्या वेळी आणखी एक डबा ठेवला, अगदी रिकामा. गिलासाभोवती काहीच नाही. "परीक्षक विचारतील, काहीच भरलं नसतं तर काय झालं असतं," त्या म्हणाल्या. "तेही मोजलेलं असावं."

चारही डब्यांत पाणी ओतून आकडे टेबलामागच्या फळ्यावर लिहिले गेले. परीक्षक आले. उंच, पांढरे केस, तेलुगू बोलणारे सर. पंकजने त्यांना तेलुगूत धांड्यांचं सांगितलं, तो बाजाराच्या दिवशी शिकलेली तेलुगू अजिबात न लाजता बोलत होता. मग रुपा पुढे आली. सुरुवातीला ती पाठ केल्यासारखं बोलली. मग तिने आबांच्या डब्यावर बोट आपटून दाखवलं, मोकळ्या कापसात बोट खुपसून दाखवलं, आणि त्यानंतर ती थांबलीच नाही. कापसाने नव्हे, कापसात अडकलेल्या हवेने पाणी गरम ठेवलं, हे तिने मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं आणि शेवटी हातवारे करून सांगितलं. सर हसले. "बागुंदी," ते म्हणाले, "छान आहे" अशा अर्थी. त्यांनी फळ्यावरचे चारही आकडे नीट वाचले आणि रुपाच्या डोक्यावर हात ठेवला.

माणिकराव मागे उभे होते. नातीचं बोलणं ऐकून त्यांचा ऊर भरून आला होता, डोळ्यांत पाणीही आलं असतं. पण त्यांची नजर फळ्यावरच्या शेवटच्या आकड्यावर गेली आणि तिथेच अडकली. ते पुढे झाले.

"साहब, एक बात पूछनी है," ते म्हणाले. तेवढ्यात माईकवर परीक्षकांना बोलावणं आलं. सर "बाद में, बाबा" म्हणाले आणि पुढच्या टेबलांच्या गर्दीत दिसेनासे झाले.

प्रयोगाला तिसरं बक्षीस मिळालं. रुपा आणि पंकज ते प्रमाणपत्र आळीपाळीने धरत होते. परतीच्या बसमध्ये मॅडम मावल्याला उतरल्या. उतरताना माणिकरावांनी त्यांनाही विचारलं. मॅडम फक्त हसल्या, आणि त्या कशा हसतात हे आता रुपाला चांगलं माहीत होतं. म्हणजे त्या सांगणार नव्हत्या. माणिकरावांनी कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, तिकिटाचं विचारा. बस हायवेला लागली. खिडकीच्या फटीतून बोचरी हवा येत होती. रुपाने शाल आजोबांच्या आणि स्वतःच्या गुडघ्यांवर मिळून घेतली.

"आता बोला, आबा. सकाळपासून काय विचारून राह्यले तुमी साऱ्यायले?"

माणिकरावांनी पिशवीतून तो चौथा, रिकामा डबा काढून मांडीवर ठेवला, झाकण उघडलं आणि आत बघितलं.

"तू म्हणतं, ऊब हवा धरते. मी दाबली, हवा गेली, म्हणून हारलो. हे मले पटलं. पण याच्यात तं हवेशिवाय काहीच नव्हतं, रुपे. कापूस नाई, धांडा नाई, नुसती हवाच हवा. मंग साऱ्याच्या आधी हाच काऊन थंडा झाला?"